शनीच्या कड्यांसाठी घेतलेली दुर्बीण
१५० मिलिमीटर आरशाची ही डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवर बसवलेली) दुर्बीण मी मुख्यतः शनीसाठी घेतली आणि तिने मनापासून समाधान दिले. कडी पुरेशी कललेली असताना, हवा स्थिर असलेल्या रात्री, सुमारे १५० पट वर्धनावर बाहेरचे काहीसे मंद 'ए' कडे आणि आतले अधिक तेजस्वी 'बी' कडे यांच्यामधली, १६७५ मध्ये शोधली गेलेली कॅसिनीची फट दोन्ही टोकांना पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी दिसते. ती सुमारे ४,८०० किलोमीटर रुंद आहे, हे आठवले की डोळा नेत्रिकेवरून (डोळा लावायच्या भिंगावरून) हलत नाही. 'बी'च्याही आतले अंधुक 'सी' कडे मात्र जेमतेम जाणवते. सोबत मिळणारी १० मिलिमीटरची नेत्रिका सुमार आहे, ती बदलावीच. मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे धार वळल्याने रेषेसारखी झालेली कडी २०३२ च्या सुमारापर्यंत अधिकाधिक उघडत जाणार आहेत, त्यामुळे दुर्बीण आताच घ्यावी.