ब्रायर: नेट बंद झाल्यावर एका इमारतीपुरतं उपयोगी पडणारं ॲप

बांगलादेशात १८ जुलै २०२४ च्या रात्री इंटरनेट जवळपास पूर्ण बंद झालं. ब्रॉडबँड २३ तारखेपासून हळूहळू परत आलं, मोबाइल डेटा २८ ला आला, आणि व्हॉट्सॲप व फेसबुक सुरू व्हायला ३१ तारीख उजाडली. अशा वेळी परदेशी विद्यार्थ्याला किंवा नोकरदाराला पहिली चिंता असते घरी खुशाली कळवण्याची. त्यासाठी ब्रायर हे निरोप पाठवायचं ॲप घेणार असाल तर घेऊ नका. नेट नसताना हे ॲप समुद्रापार काहीही पोचवत नाही. खालच्या मजल्यावर कोण आहे, दूतावासाच्या बसची वेळ कोणाला कळली, पाणी कोणाकडे उरलंय, एवढ्या कामापुरतं मात्र ते उत्तम आहे.

ब्रायर फुकट आहे, त्याला फोन नंबर लागत नाही आणि निरोप कुठल्याही मधल्या सर्व्हरवर साठत नाहीत. नेट असेल तर निरोप टॉरमधून, म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून जातात, नसेल तर ब्लूटूथ किंवा एकाच वाय-फायवरून. टॉरवर बंदी असलेल्या देशांत ॲप आपण होऊन ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरायच्या आडवाटा वापरतं. त्यामुळे फक्त सोशल मीडिया बंद असेल तर दूरचा संपर्कही टिकू शकतो.

सगळी तयारी शांततेच्या दिवसांतच करायची. दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचे क्यूआर कोड स्कॅन करायचे. लिंक पाठवूनही संपर्क जोडता येतो, पण त्याला नेट लागतं. शिवाय अशा संपर्काशी ब्लूटूथ जुळवायला चॅटच्या मेनूतून एकदा वेगळं जोडावं लागतं, आणि नेमकं हेच राहून जातं. ॲप नसलेला कोणी उशिरा भेटला तर सेटिंगमध्ये ते ऑफलाइन शेअर करायची सोय आहे: तुमचा फोन हॉटस्पॉट होतो, समोरचा एक कोड स्कॅन करून जोडला जातो आणि दुसऱ्या कोडने ॲप उतरवून घेतो. त्याच्या फोनवर अनोळखी स्रोतावरून ॲप बसवायची परवानगी चालू हवी.

निरोप पोचला नाही की लोक ॲपला दोष देतात, पण कारण बहुतेक वेळा फोनमध्येच सापडतं. फोन बंद करून चालू केला की पासवर्ड टाकून ब्रायरमध्ये शिरावं लागतं. तोवर ते झोपलेलंच. शाओमी आणि हुआवेचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲपं मारतात, म्हणून सुरुवातीला मागितलेल्या बॅटरीच्या परवानग्या द्याव्याच लागतात. बॅटरी त्यामुळे जास्त खर्च होते, पॉवर बँक भरलेली असू द्या. हॉस्टेल-हॉटेलांचे राउटर पुष्कळदा एका फोनला दुसऱ्याशी बोलू देत नाहीत; तिथे एकाने स्वतःचा हॉटस्पॉट लावायचा आणि बाकीच्यांनी त्यावर यायचं. ब्लूटूथचा भरवसा दहाएक मीटर, मध्ये स्लॅब आला की त्याहून कमी.

खासगी निरोप तिसऱ्याच्या फोनवरून उड्या मारत जात नाही. पहिल्या आणि चौथ्या मजल्यावरचे दोघे एकमेकांच्या टप्प्यात आले तरच तो पोचतो. म्हणून इमारतीसाठी ब्रायरमध्ये फोरम, म्हणजे सगळ्या सदस्यांचा सामायिक फलक, उघडा. जिन्यावरून वर-खाली करणारा सदस्य टप्प्यात आला की फोरमचा मजकूर एकीकडून घेतो आणि दुसरीकडे देतो, अगदी टपालवाल्यासारखा. खासगी गट त्यामानाने नाजूक: आमंत्रण फक्त तो उघडणाराच देऊ शकतो, आणि तोच बाहेर पडला, म्हणजे पहिल्या विमानाने गेला, की गट विसर्जित. फोरममध्ये उलटी अडचण. कोणताही सदस्य आपल्या ओळखीच्याला आत आणू शकतो आणि कोणालाही बाहेर काढता येत नाही. तिथे पासपोर्ट क्रमांक किंवा निघायचा मार्ग लिहू नये.

पासवर्ड विसरलात तर परत मिळवायची सोय नाही, बॅकअपही नाही. ॲप काढलं की संपर्कांसकट सगळं गेलं. नाक्यावर फोन तपासला जाण्याची शक्यता असेल तेव्हा हाच दोष कामी येतो. परदेशी माणसाच्या फोनवर असं ॲप दिसणंच संशयाला पुरेसं असू शकतं, आणि त्यात आंदोलनाचे स्थानिक फोरम सापडले तर प्रकरण व्हिसापर्यंत जाईल. असे फोरम स्वीकारूच नका, आणि प्रवासाला निघण्याआधी ॲप काढून टाका. दूतावासाचा आणि घरचा नंबर मात्र कागदावर असू द्या. डेटा बंद असतानाही साधे कॉल कधी कधी लागतात, तेव्हा सिममध्ये परदेशी कॉलपुरता बॅलन्स ब्रायरपेक्षा महत्त्वाचा.

आयफोनवर ब्रायर नाहीच, आणि मिश्र गटात इथेच सगळं अडतं. २०२५ मध्ये आलेलं बिटचॅट हे ॲप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर चालतं आणि ब्लूटूथवरून निरोप एका फोनवरून दुसऱ्यावर असा सात उड्यांपर्यंत पुढे सरकवतं, पण ते नवं आहे. ब्रायरची सुरक्षा-तपासणी क्युअर५३ या तपासणी कंपनीने २०१७ मध्येच केली होती. गटात कोणाकडे आयफोन असतील तर बिटचॅटवर फक्त ‘मी ठीक आहे’ एवढंच लिहा. बाकीचं बोलायला त्यांचं दार ठोठवा.