पुस्तक छापण्याच्या नावाखाली ९४,६०० रुपये गेले : नवलेखकांनी सही करण्यापूर्वी वाचावे

मी भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षे भूकरमापक म्हणून नोकरी केली. मोजणीच्या अर्जातला एक रकाना कोरा दिसला तरी अर्ज परत करणारा माणूस अशी तालुक्यात माझी ख्याती होती आणि त्यापायी मी शिव्याही भरपूर खाल्ल्या आहेत. त्याच माणसाने निवृत्तीनंतर आपल्या पहिल्या पुस्तकाच्या करारनाम्यावर, छापायच्या प्रतींचा रकाना कोरा असताना, चारही पानांवर सही केली. त्यात माझे ९४,६०० रुपये गेले आणि माझ्या कथांवर आज दुसऱ्याच माणसाचे नाव आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने प्रकाशकाचे नाव येथे देत नाही. पुस्तकाचेही नाव देत नाही, कारण कोणी ते शोधून विकत घेतलेच, तर ते पैसे त्याच माणसाच्या खिशात जातील.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. आमच्यापासून ते जवळच असल्याने मी तेथे गेलो आणि ग्रंथप्रदर्शनात रमलो. माझ्या पिशवीत बांधाच्या तंट्यांवरच्या ११ कथांचे हस्तलिखित होते. ते पिशवीत का होते, असे घरच्यांनी नंतर मला अनेकदा विचारले आहे. दोन नावाजलेल्या प्रकाशनसंस्थांकडे मी ते पूर्वी पाठवले होते. एकीकडून १४ महिन्यांनी न उघडलेले पाकीट परत आले आणि दुसरीकडून काहीच आले नाही. हे सांगण्याचे कारण असे की, मी हावरटपणाने त्या माणसाकडे गेलो नव्हतो. कोणीतरी चार पाने वाचावीत एवढीच माझी भूक होती. एका गाळ्यावरच्या खादीच्या सदऱ्यातील चाळिशीच्या गृहस्थाने ती चार पाने उभ्याउभ्या वाचली, मग वाकून माझ्या पायांना हात लावला आणि तो म्हणाला, "सर, असा लेखक आमच्याकडे आलाच नव्हता." 'लेखक' हा शब्द माझ्यासाठी कोणी वापरण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढचे सगळे त्या एका शब्दावर फिरले, हे आज कळते.

खर्चात लेखकाचा सहभाग, त्या बदल्यात छापील किमतीवर २० टक्के मानधन, राज्यभरातील ग्रंथालयांत विक्री हा साचा आता कोणाला नवा नाही. माझ्याकडून घेतलेल्या ६८,५०० रुपयांचा हिशेब त्याने असा दिला : अक्षरजुळणी व मुद्रितशोधन १४,०००, मुखपृष्ठ ६,०००, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक ३,५०० आणि ५०० प्रतींची छपाई व बांधणी ४५,०००. पुढे कॉपीराइट नोंदणीचे ९,०००, प्रकाशन समारंभाचे १२,००० आणि एका 'राज्यस्तरीय' पुरस्काराच्या नोंदणीचे ५,१०० असे आणखी गेले. आयएसबीएनसाठी दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था एक पैसाही घेत नाही आणि लेखकाला स्वतःलाही तो क्रमांक मागता येतो. साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. शिवाय ती नोंदणी सक्तीची नाही. लिहिणारा हाच कायद्याने पहिला मालक असतो. हे सारे मला कळले ते पैसे देऊन वर्ष उलटल्यावर.

आता त्या क्षणाविषयी लिहितो, कारण तो आठवला की आजही झोप उडते. मार्च २०२४ मध्ये पुण्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या कार्यालयात करारनामा माझ्यापुढे आला. शंभर रुपयांच्या मुद्रांकाचे पहिले पान आणि मागे साध्या कागदाची तीन पाने होती. मी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत वाचू लागलो. कलम ४ मध्ये "प्रकाशक सदर पुस्तकाच्या ........ प्रती छापील" असे होते. माझे बोट त्या टिंबांवर थांबले, हे मला लख्ख आठवते. कलम ७ मध्ये "सदर साहित्यकृतीचे सर्व हक्क लेखक प्रकाशकाकडे हस्तांतरित करीत आहे" असे एकच वाक्य होते. किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, कोणत्या माध्यमासाठी, याचा पत्ता नव्हता. चतुःसीमा न लिहिलेले खरेदीखत कोणी माझ्या टेबलावर आणले असते, तर मी त्याला दारातूनच परत पाठवले असते. मी विचारले, "येथे आकडा नाही." तो हसून म्हणाला, "छापखान्याचा दर ठरला की भरू, सर. सगळ्यांचं हेच फॉरमॅट आहे. आणि सर, विश्वास नसेल तर साहित्याचा व्यवहार करायचा कसा?" तेवढ्यात चहा आला. आपण शब्दांच्या माणसापुढे आकड्यांची भाषा बोलतो आहोत याची मला लाज वाटली आणि मी सही केली. जमिनीच्या कागदाला जो कस लावला असता, तो स्वतःच्या कथांना लावायला मी लाजलो, यापलीकडे माझ्या मूर्खपणाचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही.

प्रकाशनासाठी २३ एप्रिलचा मुहूर्त त्यानेच काढला. तो जागतिक पुस्तक व कॉपीराइट दिन असतो, हेही त्यानेच सांगितले. एका लहान सभागृहात आम्हा तिघा लेखकांची पुस्तके एकाच दिवशी प्रकाशित झाली आणि बारा-बारा हजार रुपये तिघांकडूनही घेतलेले होते, हे आम्हाला जेवणाच्या रांगेत समजले. व्यासपीठावर तपकिरी कागदात बांधलेल्या गठ्ठ्यांची रास होती आणि प्रत्येक गठ्ठ्यावर माझ्या पुस्तकाचे मुखपृष्ठ चिकटवलेले होते. त्या राशीशेजारी शाल पांघरून, नारळ हातात धरून मी छायाचित्र काढून घेतले. गठ्ठा सोडून पाहावा असे मला वाटले नाही. समारंभात नवरदेवाने आहेराची पाकिटे उघडून पाहावीत तसे ते दिसले असते. तुम्ही मात्र अवश्य सोडून पाहा, कोणाला काय वाटायचे ते वाटो.

मला ५० प्रती मिळाल्या. वर्षभराने मानधन म्हणून १,१५० रुपये खात्यात जमा झाले, म्हणजे २५० रुपये किमतीच्या पुस्तकावर प्रतीमागे ५० रुपयांप्रमाणे २३ प्रतींचे. उरलेल्या प्रतींचा हिशेब मागितला, तेव्हा त्या "वितरणात" असल्याचे उत्तर आले. अखेर मी पुस्तकाच्या दुसऱ्या पानावरील मुद्रकाचे नाव पाहून थेट त्या छापखान्यात गेलो. मालक भला माणूस होता. त्याने कामांची वही उघडून माझ्यापुढे ठेवली : प्रती ७५, बिल ९,३७५ रुपये. पाचशे प्रतींच्या छपाईचे ४५,००० रुपये मी दिले होते आणि छापल्या होत्या ७५. पन्नास मला दिल्या, पंचवीस त्याच्याकडे राहिल्या आणि त्यांतल्या २३ विकल्या, म्हणजे मानधन तेवढे त्याने चोख दिले होते!

मलपृष्ठावरील आयएसबीएनही खोटा निघाला. ही तपासणी कोणालाही घरी करता येते : तेरा अंकांना ओळीने एक आणि तीन, एक आणि तीन असे गुणत जायचे आणि येणाऱ्या गुणाकारांची बेरीज करायची. तिला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. माझ्या पुस्तकाची बेरीज ११७ आली. मी ती तीनदा केली. कॉपीराइट नोंदणीचा म्हणून दिलेला डायरी क्रमांक कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकला, तर त्या क्रमांकाचा अर्जच सापडला नाही.

पैशांचे दुःख येथवरच होते. जून २०२५ मध्ये नाशिकहून भाच्याचा फोन आला. "मामा, गाडीत एक मालिका ऐकतोय. ही तुमचीच गोष्ट आहे ना?" अकराच्या अकरा कथा ध्वनिरूपात, 'लेखन' या शब्दापुढे एका परक्याचे नाव घालून, प्रसारित झाल्या होत्या. त्यांतली एक कथा अंध म्हातारीची आहे. मोजणीच्या दिवशी ती अनवाणी चालत येते, तळपायाने जुना बांध ओळखते आणि येथेच माझी हद्द आहे असे सांगते. नकाशा मात्र तिच्या विरुद्ध असतो आणि मोजणीदाराला नकाशाप्रमाणेच खुणा रोवाव्या लागतात. तो मोजणीदार मीच होतो आणि ती कथा लिहायला मला १९ वर्षे लागली. मालिकेत मात्र म्हातारीला जमीन मिळते, ढोल वाजतात आणि मोजणीदार तिची क्षमा मागतो. मी ते घरात बसून ऐकले. पत्नी म्हणाली, "अहो, बंद करा ते." मी शेवटपर्यंत ऐकले. ९४,६०० रुपयांची चोरी मला समजते, चोर पैशांसाठीच चोरतो. पण त्या म्हातारीचा शेवट बदलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हे मला अजून समजलेले नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे आणि तो मी आता पाठ केला आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांच्या हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. कलम ५७ नुसार सगळे हक्क विकून टाकले तरी आपल्या कृतीवर आपले नाव असण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणारा तिचा विपर्यास रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. तेव्हा सर्व हक्क लिहून देणे म्हणजे खरेदीखत आणि ठरावीक काळासाठी छापण्याची परवानगी देणे म्हणजे भाडेपट्टा, हे लक्षात ठेवावे आणि नवलेखकाने भाडेपट्ट्यापलीकडे काही लिहून देऊ नये.

हा कायदा घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. तेथील अंमलदारांनी पुस्तक हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि विचारले, "काका, पुस्तकच ना? सोनं तर नाही ना गेलं?" मी कलम ६३ दाखवले : सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलिसांनी नोंदवण्याजोगा, असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले आहे, तेही दाखवले. उत्तर आले की करार झाला आहे, म्हणजे हे दिवाणी मॅटर आहे. शिवाय सही पुण्यात झाली, तेव्हा पुण्याला जा. पुण्यात गेलो, तर तुम्ही राहता तेथेच तक्रार द्या असे सांगितले. साडेतीनशे किलोमीटरची ती वारी मी तीन वेळा केली आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे सांगितले. तिसऱ्या वेळी एका तरुण अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग मलाच विचारले की, शिकलेले असून तुम्ही वाचल्याशिवाय सही कशी केलीत. वाचल्याशिवाय केली नव्हती, वाचून केली होती, हे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

मालिका ज्या मंचावर आहे, त्याच्याकडे तक्रारीचा तक्ता भरला. आठ दिवसांनी ठोकळेबाज उत्तर आले की, संबंधितांनी हक्कांचा करार सादर केला आहे, तुमचा वाद आपसांत मिटवावा. म्हणजे माझीच सही माझ्याविरुद्ध पुरावा झाली. एका साहित्यसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी हळहळ व्यक्त केली, अशा वादांत संस्था पडत नाही असे सांगितले आणि निघताना ज्येष्ठ लेखक म्हणून मला शाल दिली. ती शाल मी बसस्थानकावर एका म्हाताऱ्याला देऊन टाकली. वकिलांनी जिल्हा न्यायालयात दावा लावण्याचे ४०,००० रुपये सांगितले. कलम ६२ मुळे तो दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत, एवढी एक चांगली गोष्ट त्यांच्याकडून कळली. पण आणखी ४०,००० घालण्याची माझी ऐपतही नव्हती आणि छातीही नव्हती. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तेथे शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. तीन तारखा झाल्या आणि तिन्ही वेळा नोटीस "पत्ता सोडून गेले" या शेऱ्यासह परत आली. पत्ता सोडून गेलेला हा माणूस गेल्याच महिन्यात एका पुस्तक प्रदर्शनात गाळा लावून बसला होता, त्याचे छायाचित्र मी जोडले आहे. त्यावर पुढची तारीख मिळाली.

कोणाला पहिले पुस्तक काढायचेच असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, आधी तेथे अर्ज करावा. पुरस्कारासाठी पैसे मागणारा फोन आला की तो ठेवून द्यावा. छापखान्याशी स्वतः बोलावे आणि बिल आपल्या नावाने घ्यावे.

समारंभातील उरलेल्या दोघांपैकी एका भगिनींचा ठावठिकाणा मला लागला आहे. त्यांचा करारनामा पाहिला. कलम ४ मधली टिंबे तेवढीच आहेत, मी मोजली, आठ. त्या माझ्याबरोबर आयोगापुढे यायला तयार आहेत. तिसऱ्या लेखकाचा पत्ता लागत नाही. दाढीवाले, उंच, बहुधा लातूरकडचे होते आणि त्यांचे पुस्तक कवितांचे होते. त्यांनी हे वाचले, तर त्यांनी आपला करारनामा आणि पैसे दिल्याच्या पावत्या टाकून देऊ नयेत आणि माझ्याशी संपर्क साधावा.