फोटो स्टुडिओच्या साठ्यासाठी झेडएफएस : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, बारशी यांचं फुटेज वर्षानुवर्षं जपून ठेवावं लागतं, कारण कधीतरी कुणी येतं आणि म्हणतं, "आजी गेल्या हो. तुमच्याकडे त्यांचा एखादा चांगला फोटो असेल ना?" अशा वेळी फाईल नुसती दिसून भागत नाही, ती उघडायला हवी. आमच्या एका जुन्या डिस्कवरचे काही फोटो उघडले तर खालचा अर्धा भाग करडा. डिस्कने कधी कुरकुर केली नव्हती, विंडोजनेही एरर दाखवली नव्हती. कॉपी करतानाही सगळं सुरळीत. म्हणजे खराब फाईलचीच इमाने इतबारे बॅकअप होत राहिली.

त्यानंतर सगळा साठा लिनक्सवर, झेडएफएस या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाईली कशा ठेवायच्या हे सांभाळणारी व्यवस्था) हलवला. १६ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यात ८ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. स्टुडिओतले बाकीचे कॉम्प्युटर विंडोजचेच आहेत, ते सांबा या फाईल शेअर करणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत हा साठा नेटवर्क ड्राइव्ह म्हणून बघतात.

झेडएफएसचं काम २००१ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एरन्स यांनी सुरू केलं. २००५ मध्ये सोर्स कोड खुला झाला आणि आज आपण लिनक्सवर वापरतो तो ओपनझेडएफएस. बहुतेक फाइल सिस्टिम डिस्कच्या शब्दावर विश्वास ठेवतात. विंडोजची एनटीएफएस आपल्या मास्टर फाइल टेबलमध्ये आणि लिनक्सची एक्स्ट-४ आपल्या आयनोडमध्ये नोंद ठेवते की अमुक फाईलचा मजकूर डिस्कवर अमुक जागी आहे. त्या जागेवरून डिस्कने जे दिलं ते पुढे सरकवायचं. जर्नलिंग (बदल करण्याआधी तो टिपून ठेवणं) असतं, पण ते मुख्यतः नोंदी शाबूत राहाव्यात म्हणून. फोटोतला एखादा बिट उलटला तर त्याला पत्ता लागत नाही.

झेडएफएस मोठी फाईल तुकड्यांत ठेवतं (मुळात ठरलेला कमाल आकार १२८ केबी) आणि प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की तो चेकसम त्या तुकड्याशेजारी ठेवत नाहीत. तुकड्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवतात. त्या वरच्या ब्लॉकचा चेकसम त्याच्या वर, असं करत थेट मुळाशी, म्हणजे उबरब्लॉकपर्यंत. समजा डिस्कने 'लिहिलं' म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात लिहिलंच नाही. चेकसम शेजारी असता तर जुना तुकडा आणि त्याचा जुना चेकसम एकमेकांशी जुळले असते. वरून तपासल्यावर ही थाप लगेच उघडी पडते.

हे प्रत्यक्षात पाहायलाही मिळालं. दर महिन्याला स्क्रब लावलेला असतो, म्हणजे सिस्टिम साठवलेला सगळा डेटा वाचून पडताळते. एका सकाळी 'झेडपूल स्टेटस' ही कमांड देऊन बघितलं, तर एका डिस्कच्या ओळीत रीड शून्य, राइट शून्य, पण शेवटच्या चेकसमच्या रकान्यात आकडा. डिस्क स्वतः म्हणत होती सगळं ठीक आहे! खाली लिहिलं होतं की डेटात कोणतीही ज्ञात चूक नाही, कारण बिघडलेले तुकडे दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त झाले होते. डिस्क जोडणारी सॅटा केबल बदलली, काउंटर क्लियर करून पुन्हा स्क्रब चालवला, तेव्हापासून आकडा शून्यावर आहे. मिररशिवाय एकाच डिस्कवर असतो तर बिघाड कळला असता, पण फाईल दुरुस्त झाली नसती. तेव्हा दोन डिस्क हव्यातच.

आमच्याकडे लाईट जाणं नेहमीचं. झेडएफएस जुन्या डेटावर गिरवत नाही. बदललेला तुकडा रिकाम्या जागी लिहितं आणि सगळं लिहून झालं की मगच मुळाची नोंद नव्याकडे वळवतं. साधारण दर ५ सेकंदांनी असा एक गठ्ठा पक्का होतो. लाईट गेली तर शेवटच्या काही सेकंदांचं काम जाऊ शकतं, पण रचना अर्धवट राहत नाही. मशीन चालू झालं की पूल, म्हणजे दोन्ही डिस्क मिळून झालेला साठा, सरळ उभा राहतो.

स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, तेही याच पद्धतीतून जवळजवळ फुकटात मिळतात. जुने तुकडे मोकळे करायचे नाहीत, बस. एडिटिंग करणाऱ्या मुलाकडून एका हळदीचं पूर्ण फोल्डर उडालं, तेव्हा लपलेल्या स्नॅपशॉट फोल्डरमधून ते परत कॉपी करायला फक्त कॉपीचाच वेळ लागला.

आता त्रासाच्या गोष्टी. स्नॅपशॉट ठेवलेत की फाईल डिलीट करूनही जागा सुटत नाही, हे स्टुडिओत सगळ्यांना समजावताना नाकी नऊ आले. पूल ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नये असा सल्ला देतात. जास्त भरला की रिकामी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरते, लिहिणं मंदावतं आणि वेगळं डीफ्रॅगचं साधनही नाही. लायसन्सच्या भानगडीमुळे झेडएफएस मूळ लिनक्स कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) भाग नाही. त्यामुळे काही डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांवर) कर्नल अपडेट झाला की झेडएफएसचं मॉड्यूल नव्याने बांधावं लागतं. उबुंटूमध्ये ते सोबत येतं, म्हणून मी तेच निवडलं. रॅमचा मोठा भाग कॅशसाठी घेतला जातो, पण गरज पडली की सोडतोही. डीडुप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच साठवणं) मात्र लावू नका, ते रॅम खातं आणि व्हिडिओच्या कामात त्याचा उपयोग नाही. कॉम्प्रेशन चालू ठेवा, मात्र जेपेग आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असल्याने आमच्याकडे गुणोत्तर १.०० च्या आसपासच आहे.

डिस्क घेताना ती एसएमआर (कौलांसारखे एकमेकांवर चढलेले ट्रॅक असलेली) नाही ना, हे मॉडेल नंबरवरून तपासा. खराब डिस्क बदलून नवी भरताना एसएमआर डिस्क फार रेंगाळतात, आणि तेवढा काळ सगळा भार उरलेल्या एकाच डिस्कवर असतो.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. आग लागली किंवा चोरी झाली तर दोन्ही डिस्क एकदमच जातील. मी तिसऱ्या डिस्कवर 'झेडएफएस सेंड' या कमांडने फक्त मागच्या स्नॅपशॉटनंतरचा बदल पाठवतो. आठवड्याभराच्या नव्या शूटिंगपुरतंच कॉपी होतं, साठा कितीही मोठा असो. ती डिस्क थोरल्या बहिणीच्या घरी असते.