‘देखभाल अनुदाना’च्या नावाखाली आईच्या पेन्शनवर डल्ला

नागपुरात ज्यांच्या घरी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेले आईवडील आहेत आणि जे त्यांच्यासाठी सरकारी मदतीच्या शोधात आहेत, त्यांनी हा प्रकार जरूर वाचावा. अशा कुटुंबांना नेमके काय हवे असते, हे आमच्याकडे आलेल्या माणसाला पुरते ठाऊक होते.

माझी आई ७६ वर्षांची आहे. वडील शिक्षक होते आणि त्यांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. या आजारात औषधांचा खर्च त्या मानाने थोडा असतो. कंबरडे मोडते ते दिवसरात्र लागणाऱ्या बाईच्या पगाराने. सिव्हिल लाइन्समधील एका झेरॉक्सच्या दुकानात आईच्या कागदपत्रांच्या प्रती काढत असताना शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थाने आपुलकीने चौकशी केली आणि आपण आरोग्य योजनेचे प्रतिनिधी असल्याचे सांगितले. गळ्यात राजमुद्रा छापलेले ओळखपत्र होते.

त्याच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग खरा होता आणि फसवणुकीची सारी मदार त्यावरच होती. ७० वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ही सोय २०२४च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाली आणि तीत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. दुसरा अर्धा भाग मात्र शुद्ध थाप होती: याच कार्डावर डिमेन्शियाच्या रुग्णाला दरमहा १२ हजार रुपये ‘देखभाल अनुदान’ थेट खात्यात जमा होते, असे त्याचे म्हणणे. वास्तविक ही योजना काय किंवा महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना काय, दोन्हींत पैसे मिळतात ते योजनेशी संलग्न रुग्णालयाला आणि तेही ठरावीक उपचारांसाठी. रुग्णाच्या हाती रोख रक्कम येत नाही आणि घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

‘फाइल चार्ज’ म्हणून त्याने ३,५०० रुपये घेतले आणि छापील पावतीही दिली. ती रक्कम बुडाली असती तरी एक वेळ चालले असते. खरी लूट झाली ती तो ‘केवायसी’साठी घरी आला तेव्हा. मोबाइलला जोडलेले काडेपेटीएवढे अंगठ्याचे यंत्र त्याने आईसमोर धरले आणि “आजी, वयामुळे रेघा झिजल्या आहेत, अजून एकदा द्या नं,” असे म्हणत अंगठा पुन्हा पुन्हा घेतला. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा द्यायची सवय असल्याने आईने विनातक्रार दिला आणि नंतर, आज पेन्शनवाला येऊन गेला, असे आम्हालाच सांगितले. वहिनी समोरच बसली होती. तिलाही त्यात काही वावगे दिसले नाही आणि दिसण्याचे कारणही नव्हते.

पासबुक छापून आणले तेव्हा त्यात त्याच दुपारच्या, १० हजारांपर्यंतच्या रकमा काढल्याच्या नोंदी निघाल्या. आधार जोडलेल्या खात्यातून केवळ अंगठ्याच्या ठशावर रोख काढता येते. त्यासाठी ना ओटीपी लागतो ना एटीएम कार्ड. बँकेचे संदेश वडिलांच्या बंद पडलेल्या क्रमांकावर जात होते. आधारला मात्र भावाचा मोबाइल जोडलेला असल्याने आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आईच्या आधारची प्रमाणीकरण नोंदवही, म्हणजे आधार केव्हा केव्हा वापरले गेले याची यादी, उघडता आली. ‘ठसा उमटत नाही’ असे तो जेव्हा जेव्हा म्हणाला, त्या वेळांसमोर तेथे ‘यशस्वी’ अशी नोंद आहे. असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांनी ही नोंदवही लगेच उतरवून घ्यावी, कारण ती मागील ६ महिन्यांचीच दिसते.

आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेत लेखी, अशा दोन्ही ठिकाणी तक्रार केली. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांच्या आत कळवले, तर ग्राहकावर तोटा पडत नाही. त्यानंतर त्याची जबाबदारी वाढत जाते. म्हणून बँकेत कोणता मोबाइल क्रमांक नोंदवला आहे, हे आजच पाहावे. आईचे बायोमेट्रिक आम्ही आता लॉक केले आहे, म्हणजे तिच्या ठशावर आधार चालणार नाही. ते घरबसल्या आणि फुकट होते. हे लॉक असतानाही वय वंदना कार्ड आयुष्मान अॅपवर आधारच्या ओटीपीने काढता येते. आईचे कार्ड भावाने तसेच काढले, त्याला एक पैसाही लागला नाही. शंका असल्यास योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे किंवा १४५५५ वर फोन करावा.

बँकेचे पहिले उत्तर असे आले की, अंगठा खातेदाराचाच असल्याने व्यवहार अधिकृत ठरतो. त्यावर आम्ही आईच्या आजाराचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, प्रमाणीकरणाची नोंदवही आणि ती छापील पावती जोडून पुन्हा अर्ज दिला आहे. त्याला उत्तरच न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाण्यासाठी तक्रार केल्यापासून ३० दिवस थांबावे लागते. ती मुदत सध्या चालू आहे.