लोअर केलेल्या गाडीचं सस्पेन्शन: घरी उघडायचं, गॅरेजला टाकायचं, की अर्धं अर्धं?

गाडी खाली बसवलीय, पुढून खडखड सुरू झालीय आणि पार्ट घरीच बदलू की गॅरेजला टाकू असं चाललं असेल तर आधी वाजतंय काय ते शोधा, कारण उत्तर पार्टप्रमाणं बदलतं.

लिंक रॉड (वळणावर गाडी कलू नये म्हणून असतो त्या अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी) असेल तर सरळ घरी करा. प्रत्येक बाजूला दोनच नट. फक्त पुढची दोन्ही चाकं एकदम उचला, एकच उचललं की बार पीळ खातो आणि रॉड भोकात बसता बसत नाही. जॅक खाली जात नसेल तर आधी चाकं जाड फळ्यांवर चढवून घ्या. आणि खाली स्टँडच लावा भावांनो, विटा नकोत, वीट फुटायला वेळ लागत नाही.

लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशला, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरी तुकड्याला, मात्र मी लई ठामपणे घरच्या बाजूनं आहे. बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं, बोल्ट ज्या स्थितीत आवळाल तीच त्याची मोकळी स्थिती. गॅरेजात गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत आणि तसाच बोल्ट फुल टाइट केला की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, त्यात आपल्या खाली बसवलेल्या गाडीचा आर्म आणखी वर गेलेला असतो म्हणजे पीळ जास्त, मग नवीन बुश लवकर फाटतो आणि आपण पार्टला शिव्या घालतो. घरी असताना चाकं फळ्यांवर ठेवून, गाडीचं वजन आल्यावर टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं) शेवटचं आवळता येतं. गॅरेजलाच द्यायची असेल तर मिस्त्रींना हे आधी सांगा आणि आवळताना तिथं थांबा. जुना बुश काढून नवा दाबायचं काम घरी हातोड्यानं नको, आर्म सोडवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्रेसवर न्या, पण बुशची दिशा आधी खुणावून ठेवा.

शॉकअपला उलटं. अख्खा स्ट्रट (शॉकअप आणि त्यावरची स्प्रिंग मिळून) घरी उतरवता येतो, पण स्प्रिंग आखूड आहे म्हणजे ताण नाही असं अजिबात समजू नका, आणि आखूड स्प्रिंगवर स्प्रिंग दाबायचा हुकाचा कॉम्प्रेसर नीट धरत पण नाही. दाबलेली स्प्रिंग धरून ठेवणारा वरचा मधला नट गॅरेजातच उघडा. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्ट्रट) असेल तर बहुतेकांत स्प्रिंगखालची आट्यांची कॉलर खाली फिरवून ताण सोडता येतो, फिरवायच्या आधी उंची मोजून लिहून घ्या.

घरच्या कामात खरी अडचण गंजाची. गगनबावड्याकडं पावसाळ्यात फिरणारी गाडी असेल तर बोल्ट धरून बसतात, आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवलं तरी एखादा तुटतोच, आणि तिथं गॅरेजवाल्याकडं बोल्ट तापवायला गॅस असतो, आपल्याकडं नसतो. म्हणून घरात एकच गाडी असेल आणि सोमवारी सकाळी शिरोली एमआयडीसीत ड्युटी असेल तर आर्मचं काम रविवारी घरी काढू नका. आर्म किंवा स्ट्रट सोडवला की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) काम घरी करा की गॅरेजात, करावी लागतेच, तो खर्च हिशोबात आधीच धरा.