काच खाली जाते, वर येत नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो ‘मोटर जळली’

ऐन जुलैत आण्णांच्या गाडीची डावीकडची पुढची काच खाली गेली ती वर येईना. ड्रायव्हरच्या दारातला स्विच दाबा नाहीतर डाव्या दारातला, आवाजसुद्धा नाही. आपल्या कोल्हापूरचा पाऊस, सीट भिजायला लागली, म्हणून आण्णांनी हायवेकडेच्या एका गॅरेजात गाडी लावली.

“मोटर जळलीय काका, रेग्युलेटरपण गेलाय.” (रेग्युलेटर म्हणजे मोटरच्या जोरावर काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा.) संध्याकाळी काच वर, बिल 7,800 रुपये. जुनी मोटर मागितली तर म्हणे, “ती कंपनीला परत द्यावी लागते.” पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाकडून हे पैसे घेतले, याचा मला आजही संताप येतो.

गणपतीच्या तोंडावर पुन्हा तेच. या वेळी मी गाडी उद्यमनगरात एका जुन्या वायरमनकडे नेली. त्यानं आधी एकच विचारलं, “काच खाली जाते का?” जाते म्हटल्यावर तो म्हणाला, “मग मोटर कशी जळंल?”

हे नीट समजून घ्या, कारण पैसे इथंच उकळले जातात. काच वर नेणारी आणि खाली आणणारी मोटर एकच असते. तिच्या दोन वायरींतला प्लस-मायनस स्विच उलटा करतो, की मोटर उलटी फिरते. जळलेली मोटर कुठल्याच बाजूला फिरत नाही. मोटर कमजोर झाली असेल किंवा रबरात माती अडकली असेल, तर वर जाताना काच रखडते, पण घरघर ऐकू येते. आमच्याकडे वर जाताना पूर्ण शांतता होती, म्हणजे करंटच पोचत नव्हता.

बऱ्याच साध्या गाड्यांत डाव्या दारातल्या स्विचचं अर्थिंगसुद्धा, म्हणजे मायनसचा जोड, ड्रायव्हरच्या दारातल्या मुख्य स्विचमधून जातं. तिथला एक कॉन्टॅक्ट खराब झाला, की दोन्ही स्विचवरून एकाच दिशेचं काम बंद पडतं. वायरमननं डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढून मोटरच्या प्लगवर करंट तपासायचा दिवा (टेस्ट लॅम्प) लावला, मग मोटरला बॅटरीतून थेट 12 व्होल्ट दिले. काच सरसर वर आली. मुख्य स्विच उघडला तर आत कॉन्टॅक्ट हिरवे पडलेले, पावसाचं पाणी गेलेलं.

आणि ती ‘नवी’ मोटर? तिच्यावर गाडीच्याच सालाचा शिक्का होता. स्क्रूंवर जुना गंज तसाच, पाना लागल्याची खूण कुठंच नाही. ती कधी निघालीच नव्हती. गॅरेजवाल्यानं स्विच तेवढा पुसून दिला असणार.

त्याच गॅरेजात बॅटरी सोडल्यावर ड्रायव्हरच्या काचेचं ‘ऑटो’, म्हणजे एका झटक्यात काच आपोआप पूर्ण सरकणं, बंद पडलं होतं. त्यासाठी ‘मॉड्यूल बदला’ म्हणून आणखी चार हजार मागितले होते. आण्णांनी नंतर बघू म्हणून टाळलं, ते बरं झालं. बॅटरी निघाली की काही गाड्यांत काचेची वरची जागा पुन्हा शिकवावी लागते. काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच ओढून धरायचा. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते, आणि तिला पैसे लागत नाहीत.

मोटर बदलायला होकार देण्याआधी ती थेट बॅटरीवर फिरवून दाखवायला सांगा. जुना पार्ट हातात घ्या आणि पार्ट नंबरासह छापील बिल मागा. आम्हाला मिळालं ते साधं चिठोरं. त्याचा आणि मोटरवरच्या शिक्क्याचा फोटो जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.