खंजिरी भजनाच्या रेकॉर्डिंगसाठी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली : नऊ महिन्यांचा अनुभव

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. गावात खंजिरी भजनाचं मंडळ आहे आणि त्याचं रेकॉर्डिंग मी करतो. चार माइक, चार ट्रॅक : मुख्य गायक, खंजिरी, पेटी आणि मागे धरणारी मंडळी. लॅपटॉप जुना, आत ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे फिरणारी हार्ड डिस्क. (एसएसडीत फिरणारं काही नसतं, सगळं चिपवर साठतं.)

मागच्या पुण्यतिथी सप्ताहात मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाबांनी एक भजन म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऐकायला बसलो, तर तिसऱ्या कडव्यात ओळ अर्ध्यात तुटलेली. खंजिरीचा ठेका एकदम पुढं उडालेला, दोन सेकंद साफ गायब. बाबा बाजूलाच बसले होते. म्हणाले, "कावून रे बाप्पू, माहा आवाज मधातच कुठी गेला?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

आधी मी चुकीच्या जागी शोधलं. ऑडिओ इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा) ड्रायव्हर नवा टाकला, बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) २५६ वरून १०२४ केला. काही फरक नाही. आता कळतं की कानानंच निदान करता आलं असतं. बफर किंवा ड्रायव्हरचा त्रास असला की बहुतेक वेळा बारीक चरचर, टकटक ऐकू येते. डिस्क अडली की मात्र आवाजाचा सलग तुकडाच जातो, आणि सगळ्या ट्रॅकवर एकाच ठिकाणी. माझे चारही ट्रॅक एकाच जागी तुटलेले होते.

दुकानदार म्हणाला, डिस्क स्लो आहे. मी हिशेब केला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक ट्रॅक सेकंदाला १४४ केबी घेतो. चार ट्रॅकचे ५७६ केबी, म्हणजे तासाला दोन जीबीच्या थोडं वर. जुनी डिस्कही सेकंदाला ७०-८० एमबी सहज लिहिते. मग वेग कमी पडायचा प्रश्नच कुठे? घोळ डिस्क मधातच थबकण्याचा होता. खराब सेक्टर (डिस्कवरचा बिघडलेला छोटा कप्पा) आला की डिस्क तिथंच पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते, तोवर मागून येणारा आवाज मेमरीत साचतो, आणि मेमरीतली जागा भरली की पुढचा सुटतो.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं तर पिवळा इशारा. 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणारे सेक्टर, यासमोर शून्य नव्हतं. (तिथले आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत असतात, 18 दिसलं तर ते २४ समजा.) इथं मी मोठी चूक केली : आधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन चालवलं. ते रात्रभर चाललं आणि डिस्क आणखी खालावली, दोन जुनी रेकॉर्डिंग उघडेनात. पिवळा इशारा दिसला की आधी सगळ्या फाइली दुसरीकडे कॉपी करा, मग काय ते दुरुस्तीचं बघा.

शेवटी ५०० जीबीची साधी साटा (जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी) एसएसडी टाकली. क्लोनिंग (जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवणं) खराब सेक्टरवर अडकलं म्हणून विंडोज नव्यानं टाकलं. त्यानंतर नऊ महिने दर गुरुवारी रेकॉर्डिंग, शिवाय दोन सप्ताह. एकही तुकडा गेला नाही. मे महिन्यात शाळेच्या टिनाखाली पंख्याशिवाय बसलो, तेव्हाही नाही. आणखी एक फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. लॅपटॉप माइकच्या जवळ ठेवला की जुन्या डिस्कची घरघर हळू ओळींत ऐकू यायची. ती गेली. आता बाबांनी आलाप सोडल्यावर मागे फक्त रातकिडे ऐकू येतात.

एसएसडीनं सगळंच सुटलं नाही. लाइट गेली आणि बॅटरी संपली तर वेव्ह फाइल अर्धवट राहते, कारण फाइलची लांबी शेवटी लिहिली जाते. अशी फाइल ऑडेसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रॉ डेटा' म्हणून उघडून मी एकदा वाचवली. अँटीव्हायरसच्या तपासणीतून रेकॉर्डिंगचं फोल्डर वगळलंय. बाहेरच्या हार्ड डिस्कवर थेट रेकॉर्ड करत असाल तर पॉवर सेटिंगमधलं 'टर्न ऑफ हार्ड डिस्क' बघा. बॅटरीवर ते सहसा १० मिनिटांवर असतं. मधात चहापाणी झालं की डिस्क झोपते, आणि पुढच्या भजनाची सुरुवात जाते.

एसएसडी बंद पडते तेव्हा बऱ्याचदा आधी काही सांगत नाही, म्हणून दर गुरुवारी रात्री घरी आल्यावर त्या दिवसाचं सगळं बाहेरच्या दोन डिस्कवर उतरवतो. जेवण त्यानंतर.

बाबांनी ते भजन होळीनंतर पुन्हा म्हटलं. पूर्ण आहे, तिसऱ्या कडव्यासकट.